आधी स्वच्छतागृह, मग समुद्र

एव्हरशाईन सिटीत आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. वन बीएचके. माणसं पाच: आजी, आई, बाबा, मी आणि कॉलेजात जाणारा धाकटा भाऊ. हॉलच्या खिडकीतून, समोरच्या दोन बिल्डिंगांच्या मधल्या फटीतून, तुंगारेश्वरच्या डोंगराचा एक तुकडा दिसतो. आठवडाभर आम्ही वेगवेगळ्या वेळी घरात असतो, त्यामुळे जागा पुरते. रविवारी पाचही जण एकदम घरात असतात आणि अकरा वाजेपर्यंत टीव्हीच्या आवाजावरून, बाथरूमवरून किंवा पंख्याच्या स्पीडवरून एक भांडण झालेलं असतं. म्हणून बाहेर पडायचं. निसर्गप्रेम वगैरे नंतर.

आता पाच जणांनी बाहेर पडायचं म्हणजे काय, ते हिशेबाने सांगते. मॉलमध्ये सिनेमा, मध्यंतरात पॉपकॉर्न आणि नंतर जेवण, की अडीच-तीन हजार सहज जातात. विरार-अर्नाळ्याकडच्या एखाद्या रिसॉर्टवर एका दिवसाचं 'पॅकेज' घ्यायचं तर त्याहून जास्त. घराचा हप्ता अजून चालू आहे, भावाची फी आहे. मी नोकरीला लागले तेव्हा एक आकडा ठरवला: महिन्यातून एक रविवार, पाच माणसं, पाचशे रुपये. बाबांनी लगेच जुन्या डायरीचं मागचं पान उघडून 'सहल' असा रकाना आखला. त्यांना रकाने आखायला आवडतात.

बाबा लालबागच्या चाळीत वाढले. त्यांच्या लहानपणी फिरायला जाणं म्हणजे राणीची बाग. आजोबा गिरणीत होते, सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन चालत निघायचे. २०१७ पर्यंत राणीच्या बागेचं तिकीट मोठ्यांना पाच रुपये होतं. पेंग्विन आले आणि मग ते माणशी पन्नास झालं. आई-वडील आणि दोन मुलं असं चौघांचं कुटुंब असेल तर शंभर. आम्ही पाच, त्यातही 'मुलं' म्हणावीत अशी दोघंही आता मिशी आणि पॅनकार्डवाली. वसईहून भायखळा गाठायचं, रविवारचा ब्लॉक सांभाळायचा आणि रांगेत उभं राहायचं. एकदा केलं. बाबांनी डायरीत आकडा लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

खरं तर वसईत राहणाऱ्याने फिरायला मुंबईकडे जाणंच उलटं आहे. पूर्वेला अभयारण्य, पश्चिमेला समुद्र, मध्ये तळी, वाड्या, किल्ला आणि स्तूप. यातल्या बहुतेक जागांना तिकीटच नाही. पहिल्या वर्षी आम्ही सपाटा लावला: किल्ला, रानगावचा किनारा, अर्नाळा, जीवदानीच्या पायऱ्या. पाचशेच्या आत, कधी तीनशेच्याही आत.

मग आजी म्हणायला लागली, "तुम्ही जा. मी बसते घरी."

म्हाताऱ्या माणसाचं असं वाक्य घरात कुणी फार मनावर घेत नाही. गुडघे दुखत असतील, कंटाळा आला असेल. आजीने कारण आम्हाला सांगितलं नाही, डॉक्टरांना सांगितलं, तेही त्यांनी विचारलं म्हणून. एका सोमवारी तिला उठताना चक्कर आली. दवाखान्यात रक्तदाब बराच वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, "आजी, काल गोळी घेतली होती का?" आजी अगदी सहज म्हणाली, "काल फिरायला गेलो होतो ना." म्हणजे फिरायला जायचं असेल तर गोळी घ्यायची नाही, हे तिच्या दृष्टीने उघड होतं. तिच्या रक्तदाबाच्या गोळीने लघवी जास्त होते. गोळी घेतली की तासाभरात जावं लागतं, मग पुन्हा जावं लागतं. समुद्रावर कुठे जाणार? म्हणून सहलीच्या दिवशी गोळी नाही आणि आदल्या रात्रीपासून पाणीही बेताचं. असं तिने चार-पाच सहलींना केलं होतं.

आई बाजूच्या खुर्चीवर होती. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. घरी येताना रिक्षात म्हणाली, "मी पण नाही पीत पाणी. बाहेर असलं की कोण पितं?"

विरार लोकलच्या लेडीज डब्यात रोज जाणाऱ्या बाईला यात नवीन काही नाही. पाण्याची बाटली पर्समध्ये असते आणि संध्याकाळी तशीच भरलेली घरी येते. पण ऑफिस वेगळं आणि सहल वेगळी. जी सहल आम्ही स्वस्तात केली म्हणून मिरवत होतो, तिचा काही खर्च आजी तहानेने आणि न घेतलेल्या गोळीने भरत होती, आणि बाबांच्या रकान्यात तो कुठेच नव्हता. आईचा पण होता. तो पहाटे साडेचारला सुरू व्हायचा: पुऱ्या, बटाट्याची भाजी, दह्यातली कोशिंबीर, वर चिवडा. आम्ही सहा वाजता उठून तयार डबे पिशवीत भरायचो.

त्यानंतर आमच्या घरात सहल ठरवायची पद्धत पार उलटी झाली. आधी जागा ठरवून मग बाकीचं बघायचं, हे बंद. आता पहिला प्रश्न असतो: स्वच्छतागृह कुठे आहे, ते उघडं असतं का, पाणी असतं का आणि आजीला तिथे बसता येईल का? हा शोध भावाकडे आहे, कारण त्याला मॅपवर फोटो आणि रिव्ह्यू वाचत बसायची सवय आहेच. पण मॅपवर असलेलं स्वच्छतागृह जमिनीवर असेलच असं नाही. एका बागेत (नाव घेत नाही) ते होतं, नवीन टाइल्ससह होतं, आणि दाराला कुलूप होतं. चावीवाला जेवायला गेलेला. आजी बाकावर बसून राहिली आणि आई कुलुपाकडे बघत उभी राहिली. त्यानंतर भाऊ आदल्या दिवशी जाऊन बघून येतो. मोटरसायकल घ्यायला त्याला हे एक कारणही मिळालं आहे, पण ते प्रकरण वेगळं.

हळूहळू कळलं की जागा स्वच्छतागृहाभोवती आखायची असते. देवस्थानं बरी, कारण भाविकांसाठी सोय केलेली असते. रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड चालतात, नाकावर पदर धरून. सगळ्यात भरवशाचं म्हणजे छोटं हॉटेल: पाच चहा आणि दोन प्लेट भजी घ्यायची आणि मालकिणीला नीट विचारायचं. बाई असेल तर नाही म्हणत नाही. डायरीत बाबांनी आता 'चहा (आजी)' असा वेगळा खर्च धरला आहे. चहा आम्ही सगळेच पितो, पण रकान्याचं नाव तेच.

दुसरा नियम आईचा: सूर्य उगवायच्या आत कुणीही गॅस पेटवायचा नाही. मग नेतो काय? आदल्या रात्री उकडलेली अंडी आणि बटाटे, बेकरीचा पाव, सुकी लसणाची चटणी, काकड्या. केळी न्यायची नाहीत, तिथेच घ्यायची. वसईत येऊन घरून केळी नेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पश्चिमेच्या गावांतून वाडीतली केळी मिळतात आणि हंगामात सुकेळीही मिळते, म्हणजे सालं काढून उन्हात वाळवलेली केळी. सुकेळी स्वस्त नाही, कारण तिला मेहनत फार. आम्ही एकच पुडा घेतो आणि भाऊ रिक्षातच संपवतो.

तिसरी गोष्ट भरतीची. आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या मावशी पाचूबंदरच्या आहेत. त्यांना एकदा विचारलं, समुद्रावर कधी जावं? त्या म्हणाल्या, कॅलेंडर बघ. तिथीला तीनने गुणायचं आणि चाराने भागायचं. येईल त्या वाजता भरती, त्याच्या सहा तास पुढे-मागे ओहोटी. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन: तीनला भरती, नऊला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती आणि बाराला ओहोटी. भावाने फोनवर ताडून बघितलं. अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, पण बेत आखायला पुरतो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर इतकी वर्षं आम्ही फक्त एकादशी आणि सिलिंडरची तारीख बघत होतो.

या हिशेबाने आमचा सगळ्यात लाडका दिवस निघाला तो पौर्णिमेला लागून येणारा रविवार. त्या दिवशी दुपारच्या आत भरती होऊन गेलेली असते आणि साडेपाचच्या सुमारास पाणी दूर गेलेलं असतं. रानगाव किंवा भुईगावला पोचायचं. ओली, घट्ट वाळू लांबवर पसरलेली असते आणि तिच्यावर आजीलाही चालता येतं, पाय रुतत नाहीत. समोर सूर्य बुडतो. पाठीमागे, आम्ही जिकडून आलो त्या बाजूला, तुंगारेश्वरच्या डोंगरावरून चंद्र वर येतो. तो वर आला की निघायचं, कारण पाणी परतायला लागलेलं असतं आणि शेअर रिक्षाही कमी होतात. जून ते सप्टेंबर मात्र समुद्र नाही. किनाऱ्यावर बंदीचे आदेश असतात आणि ते उगाच नसतात. चिंचोटीचा धबधबाही आमच्या यादीत नाही, फोटो कितीही चांगले येत असले तरी. पावसाळ्यात सहल आमच्याकडेच येते म्हणा: जुलैत दोन दिवस जोरदार पडला की गल्लीत गुडघाभर पाणी.

तुंगारेश्वरला आम्ही थंडीतच जातो. २००३ साली हे अभयारण्य जाहीर झालं. महामार्गावरच्या फाट्यापासून आत देवळापर्यंत चढाचा रस्ता आहे, आजीला तो झेपत नाही. म्हणून तिथे अर्ध्यावर थांबायचं, झाडाखाली चटई टाकायची. देऊळ दिसलं नाही तरी आजी तिथूनच हात जोडते. ज्याला चढायचं त्याने चढावं.

किल्ल्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. वसईचा किल्ला इथल्या सगळ्यांनी इतक्या वेळा बघितला आहे की तो आता कुणी बघतच नाही. प्री-वेडिंग शूट, क्रिकेट, कोपऱ्यात बसलेली जोडपी. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली, हे शाळेत पाठ केलेलं. आजीला आम्ही हिवाळ्यात एका सकाळी नेलं, गोळी घेऊन, पाणी पाजून, जवळच्या हॉटेलात आधी थांबून. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याखाली ती उभी राहिली आणि वर बघून म्हणाली, "घंटा कुठाय?"

मी सांगितलं, वसई जिंकल्यावर इथल्या चर्चांमधल्या घंटा मराठ्यांनी उतरवून नेल्या. ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या. मेणवलीला आहे, भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे.

आजीचं माहेर नाशिक, पंचवटी. नारोशंकराची घंटा तिच्या लहानपणाची. गोदावरीला पूर आला की पाणी तिथवर चढलंय का, हे बघायला मुलं धावायची, हे तिने आम्हाला पन्नास वेळा सांगितलेलं. ती घंटा समुद्राकाठच्या चर्चमधून तिथे गेली, हे तिला माहीत नव्हतं. लालबागला संसार, मग वसईला आल्यावर 'कुठे आणून टाकलं' हे तिचं पालुपद. आता ती त्या मनोऱ्याखालच्या दगडावर बसली आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या आधी तीच आली-गेली." मग तिने केळं मागितलं. त्यावर पुढे काही बोलली नाही. पण तासभर तिथून हलली नाही, आणि भावाला तिने मनोऱ्याचे आठ-दहा फोटो काढायला लावून नाशिकच्या भाचीला पाठवायला सांगितले.

त्याच दिवशी आम्ही परत येताना उलटी वाट घेतली. फेब्रुवारी २०२४ पासून किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून भाईंदरला रो-रो बोट जाते. मोटारींसाठी आहे, पण नुसत्या माणसांनाही घेते. खाडीवरून वारा खात भाईंदर, तिथून पाच रुपयांचं लोकलचं तिकीट, आणि पुन्हा तीच खाडी पुलावरून, मध्ये पाणजू बेट. जाताना पाण्यावरून, येताना पुलावरून. रोज त्या पुलावर मी दुसऱ्या बाईच्या खांद्यात नाक खुपसून असते. त्या दिवशी खिडकी मिळाली.

नालासोपाऱ्याचा स्तूपही असाच, एक स्टेशन पलीकडे. बुरुड राजाचा कोट म्हणतात त्याला. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, आतल्या दगडी पेटीत बुद्धमूर्ती मिळाल्या. दीड तासाची सहल, बसायला सावली आहे, खर्च जवळपास शून्य. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नववा पुढे १९५६ मध्ये भुईगावला मिळाला, म्हणजे आम्ही पौर्णिमेला जातो तिथेच. हा आठवा लेख कशाबद्दल आहे, ते वाचून मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकटीच हसले. तो सहलींबद्दल आहे! पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी विहारयात्रा काढत. अशोक सांगतो की त्याने त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केल्या. त्या यात्रांत काय करायचं, तेही सांगितलं आहे: श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांची भेट आणि त्यांना मदत, खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटणं. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आमच्या इथे दगडावर कोरून ठेवलेला मजकूर म्हणजे सहल कशी काढावी याची सूचना. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? राजाला पण म्हातारे दिसले ना शेवटी."

'खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटणं' हे आमच्याकडे निर्मळला होतं. आईला भाजी देणाऱ्या बाई त्या भागातल्या. त्यांनीच एकदा "वाडीत या की" म्हटलं. निर्मळचं तळं, शंकराचार्यांची समाधी मानतात ते देऊळ, कार्तिकातली जत्रा हे सगळं बघून झाल्यावर त्यांच्या ओट्यावर बसायचं. स्वच्छतागृहाचा प्रश्नच उरत नाही. आम्ही काहीतरी घेऊन जातो, त्या अळूची पानं आणि तोंडलीची पिशवी परत हातात देतात, आणि ती पिशवी बाबा डायरीत जमेच्या बाजूला धरतात.

तिथे बसलं की माझ्या डोक्यात एक गोष्ट येते. या वाड्या आपोआप उरलेल्या नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून इथल्या लोकांनी हिरव्या पट्ट्यासाठी आंदोलन केलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्या 'हरित वसई'चे पुढारी होते, तेच २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ च्या जुलैत ते गेले. ते ज्या बिल्डिंगांना पश्चिमेकडे थोपवत होते, तशाच एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो, आणि मोकळा श्वास घ्यायला त्यांनी वाचवलेल्या भागात जातो. भाजीवाल्या बाईंना मी हे एकदा बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "येता ते बरं करता. प्लास्टिक फक्त परत न्या." आम्ही नेतो. पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही, आणि त्याचं काय करायचं ते मला ठरवता आलेलं नाही.

गेल्या महिन्याचा खर्च ४१० रुपये. त्यात चहा (आजी) १२०, जो भाड्यापेक्षा थोडाच कमी होता. मैत्रिणींना सांगितलं की त्या हसतात, पण दोघींनी भावाची 'उघडी असतात' यादी मागून घेतली आहे. तो ती फोनमध्ये तारीख टाकून ठेवतो, कारण गेल्या महिन्यात उघडं असलेलं या महिन्यात बंद असू शकतं.

पुढचा बेत आजीने काढला आहे. केळवे. विरारच्या पुढची लोकल डहाणूपर्यंत जाते, दहा-पंधरा रुपयांचं तिकीट, स्टेशनवरून किनाऱ्यापर्यंत शेअर रिक्षा. तिथे शितलादेवीचं देऊळ आहे आणि पानवेलींच्या वाड्या आहेत, आणि आजीला विड्याचं पान वेलीवर लागलेलं बघायचं आहे. भाऊ शनिवारी बघून येणार आहे. तिथी सप्तमी, म्हणजे सात त्रिक एकवीस, भागिले चार: सव्वापाचला भरती, अकराच्या पुढे ओहोटी. आईने पावाची ऑर्डर दिली आहे. डायरीच्या पानावर बाबांच्या रकान्याखाली आजीने तिच्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत स्वतः लिहिलं आहे: 'गोळी नाश्त्यानंतर. घडीचं स्टूल घेणे. खिडकी माझी.'